जायला किती, यायला किती

जगातल्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर एकच नसतं, जाताना ते वेगळं असतं आणि येताना वेगळं, असं ठामपणे मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. तो म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लोक अंतर कोसांत सांगोत, किलोमीटरमध्ये सांगोत नाहीतर तासांत, दाजींना ते नेहमी अर्धंच वाटतं. "हे जायचं झालं. यायचं सांग," असं म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. कुणी लग्नाहून येवो, दवाखान्यातून येवो की कचेरीतून हेलपाटा घालून येवो, दाजींचा पहिला प्रश्न ठरलेला. लग्नात जेवायला काय होतं, डॉक्टरनं काय सांगितलं, काम झालं की नाही, हे सगळं मागाहून. आधी जायला किती लागलं आणि यायला किती. एखादा कंटाळून म्हणतो, "तेवढंच की हो, रस्ता तोच." मग दाजी त्याच्याकडे अशा कळवळ्यानं बघतात, जणू त्या बिचाऱ्याला घरदारच नसावं.

हे शास्त्र दाजींना बैलांनी शिकवलं. गावात आता घरोघर ट्रॅक्टर आहेत, पण दाजींची बैलजोडी अजून दारात आहे. एकाचं नाव हिऱ्या आणि दुसऱ्याचं वकील. वकील हे नाव दाजींनीच ठेवलं, कारण हुज्जत घातल्याशिवाय तो एक पाऊल पुढे टाकत नाही. भोकरदनच्या बाजाराला जाताना हा वकील प्रत्येक बाभळीखाली उभा राहतो, ओढा आला की पाण्याकडे बघत विचार करतो, समोरून मोटारसायकल आली की ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून पाहत राहतो. पण बाजार उरकून गाडीचं तोंड घराकडे वळलं, की त्याची सगळी हुज्जत मिटते. मग कासरा धरायची गरज नाही, बोलायची गरज नाही. दाजी गाडीत पिशवीवर डोकं ठेवून झोपतात आणि थेट अंगणात जागे होतात. एकदा तर अक्कानं गाडी सोडली, बैल बांधले, त्यांच्यापुढे कडबा टाकला, तरी हे गाडीतच घोरत होते. जागे झाल्यावर अक्काला म्हणाले, "आज यायला बिलकुल टाइमच लागला न्हाई." अक्का म्हणाली, "लागंल कसा? तुम्ही वाटेत होतातच कुठं?"

त्यातही हिऱ्याची गोष्ट दाजी फार जीव लावून सांगतात. हिऱ्या त्यांनी विकत घेतला तो भोकरदनच्या पलीकडच्या एका गावातून. नवा आणला तेव्हा त्याचं सगळं उलटं चालायचं. भोकरदनकडे जाताना कान टवकारून पळायचा, कारण त्याचा जुना गोठा त्या बाजूला होता, आणि येताना पाय ओढत यायचा. एका बाजूला वकील सुलट्या तऱ्हेचा आणि दुसऱ्या बाजूला हिऱ्या उलट्या तऱ्हेचा, त्यामुळे दाजींची गाडी कितीतरी दिवस रस्त्यानं तिरपी चालत असे. लोक हसायचे. दाजी हिऱ्याच्या पाठीवर हात फिरवून एवढंच म्हणायचे, "त्येचं मन लागलं न्हाई अजून." आणि ज्या दिवशी बाजाराहून येताना हिऱ्या पहिल्यांदा आमच्या बाजूला झपाझपा चालला, त्या दिवशी दाजींनी दारातूनच अक्काला हाक मारून पुरण घालायला सांगितलं. अक्काला वाटलं, पाहुणे येणार. तिनं शेजारणीकडून जास्तीची डाळ आणली. मग कळलं की पाहुणा बैलच होता आणि तो कधीच गोठ्यात जाऊन बसला होता.

बैलांवर थांबले असते तर गोष्ट निराळी होती. पण दाजी हे शास्त्र एसटीलाही लावतात. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसायचं आणि गाडी कुठल्या दिशेला जास्त पळते ते बघायचं, हा त्यांचा जुना नाद. मग ते मला नाहीतर अक्काला कोपरानं ढोसून सांगतात, "हा ड्रायवर जालन्याचा दिसतो. पाह्य, जालना जवळ आल्यावर कसा दामटू राह्यला." एकदा त्यांनी ड्रायव्हरला थेट विचारलंच. तो म्हणाला, "नाही बाबा, मी मंठ्याचा." दाजी जराही खचले नाहीत. "मंग सासुरवाडी जालन्याची असंल." गाडीभर लोक हसले, ड्रायव्हरही हसला. तो लाजला, म्हणजे आपलं बरोबर होतं, असं दाजी आजही सांगतात. मी शेजारी बसले होते. मला काही तो लाजलेला दिसला नाही. पण दाजींसमोर मी फारशी बोलत नाही. त्यांची थट्टा मी मनातल्या मनात करते, आणि आज इथं कागदावर करते आहे.

खरं म्हणजे या वेडाचा एकदा मला आधार झाला होता. आम्हा बहिणींना भाऊ नाही. वडील थकलेले, म्हणून माझं माहेरपण अक्काच्याच घरी. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मला सासरहून आणायला मुराळी म्हणून दाजीच आले होते, बैलगाडी घेऊन. वाटेत एकदाच मागे वळून त्यांनी विचारलं, "जल्दी हाकू का हळू?" मी पदराआडून म्हणाले, "हळूच हाका." घरी आल्यावर अक्का माझ्याकडे निरखून बघायला लागली, हाताला काही लागलंय का, तोंड उतरलंय का. तेव्हा दाजी बैल सोडता सोडता तिला म्हणाले, "पोरीला बरं हाय तिथं. यायची घाई न्हवती तिला." सासरी कसं आहे हे मला कुणी विचारलं असतं, तर मी लाजून "बरं आहे" एवढंच म्हणाले असते आणि कुणाला खरं वाटलं नसतं. दाजींनी ते न विचारताच ओळखलं. घाईनं येणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या असणार.

तर असे दाजी. आणि त्यांच्या घरात विमान शिरलं.

माझा भाचा, अक्काचा मुलगा गणेश पुढच्या शिक्षणाला वर्षभर लंडनला गेला, तेव्हा गावात सगळ्यांनी विचारलं, लंडन किती लांब, खर्च किती, थंडी किती. दाजींनी विचारलं, "जायला किती, यायला किती?" गणेशनं फोनमध्ये बघून सांगितलं, की मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात आणि यायला त्याहून कमी, पाऊण-एक तासानं. दाजी उठून उभेच राहिले. आयुष्यभर लोकांनी हसून घालवलेली गोष्ट शेवटी विमानानं कबूल केली होती. दुसऱ्या दिवशी पारावर, पिठाच्या गिरणीत, सोसायटीत, जो भेटेल त्याला हेच. "इमान बी घराकडं जल्दी येतं. तुम्ही मला येड्यात काढत होता. इमान तर शिकलेलं हाय ना?" कुणीतरी म्हणालं, गावातून मुंबईच्या विमानतळावर पोचायलाच लंडनएवढा वेळ लागतो, त्याचं काय? दाजी म्हणाले, "ते तर हायेच. सामानाची गाडी निघताना जड निघती."

ज्या दिवशी गणेशचं विमान उडणार होतं, त्या दिवसासाठी त्यानं जाताना अक्काच्या फोनमध्ये एक सोय करून ठेवली होती. नकाशावर छोटंसं पिवळं विमान दिसायचं आणि ते मुंगीसारखं सरकायचं. शाळेच्या भिंतीवर मी जिल्ह्याचा नकाशा पाहिला होता, त्यापुढची पृथ्वी शिकायची राहिली, म्हणून मीही कौतुकानं बघत होते. दाजी ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसले ते उठेचनात. "हे तर जाग्यावरच उभं हाय," म्हणाले. अक्का म्हणाली, "लांबून तसंच दिसतं. वावरातून सडकेवरची गाडी बघता तेव्हा कशी दिसती?" ते त्यांना पटलं. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेले तर दाजी त्या विमानाकडे बघून जिभेनं चक् चक् करत होते. गाडी हाकताना करतात तसंच. मला बघून थांबले. मी चहा ठेवून आत आले आणि अक्काच्या खांद्यावर तोंड दाबून हसले.

गणेश वर्षानं परत आला, पुण्यात नोकरीला लागला. झालं, दाजींच्या शास्त्रावर शिक्काच बसला. "त्या इमानाचा गोठा मुंबईला होता. मंग पोरगं तिकडं ऱ्हाईल कसं?"

गणेशच्या पाठची मनीषा. तिनं संभाजीनगरला नर्सिंग केलं, मग पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकली. घरी आली की ती अंगणात उभी राहून जपानी बोलायचा सराव करायची आणि कमरेतून वाकायची. दाजी समोर बसून तेही वाकायचे. टोकियोमधल्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं. दाजींनी आळीत पेढे वाटले. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं हे कळल्यावर ते म्हणाले, "लहानपणापासून हिला सगळ्यात पुढंच ऱ्हायला पायजे." सगळं आनंदात चाललं होतं. मग तिकीट आलं आणि दाजींनी आपला प्रश्न विचारला.

मनीषा म्हणाली, "जायला आठ तास, अप्पा. यायला साडेनऊ-दहा."

"उलटं सांगू राह्यली तू."

"उलटं न्हाई. बराबर हाय. जाताना जल्दी जातं, येताना टाइम लागतो."

दाजींचा चेहरा उतरला. मनीषाला वाटलं, अंतराला घाबरले. तिनं समजावलं, "अप्पा, टोकियो लंडनपेक्षा जवळच हाय. लंडन सात हजार किलोमीटरच्या वर, टोकियो सात हजाराच्या आत."

"किलोमीटर कोन इचारू राह्यलं तुला?"

"अहो, वरती लई मोठा वारा असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो. जाताना पाठीवर असतो, येताना तोंडावर. म्हनून फरक पडतो."

"वारा मला शिकवू नको. जलम गेला धान्य उफणण्यात. कामाच्या वक्ताला वारा कधी आला न्हाई, अन् इमानासाठी रोज एकाच दिशेनं येतो व्हय?" एवढं म्हणून दाजी उठले, पायताण घातलं आणि दारातून म्हणाले, "जपानला न्हाई जायचं. लंडनला जायचं तर जाय."

घरात चूल पेटली पण कुणी धड जेवलं नाही. जायला आठवडा उरला होता. मनीषा बापाशी बोलेना, बाप लेकीशी बोलेना. अक्कानं मला बोलावून घेतलं. ती फार चिडली होती. "पोरगा गेला तेव्हा आडवे आले न्हाईत. पोरगी म्हनलं की पाय अडला बघ यांचा. एवढी वर्षं मी समजत होते, हा माणूस तसला न्हाई." ती रडायच्या बेतात होती. मनीषा कपड्यांची बॅग भरत होती आणि भरलेले कपडे परत काढत होती. मलाही क्षणभर अक्काचंच खरं वाटलं. पण मग दाजींनी लंडनला जा म्हटलेलं आठवलं. मुलीला अडवायचंच असतं, तर लंडनला तरी कोण पाठवतं?

दाजी गोठ्यात होते. मी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून गेले. मी विचारणार कशी, हे मला कळत नव्हतं. पण त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, हिऱ्याच्या गळ्याखाली खाजवत. "बाई, हा नवा आल्ता तेव्हा जुन्या गोठ्याकडं पळायचा. आठवतं?"

"आठवतं."

"अन् मंग आपल्याकडं पळाया लागला. आपण पुरण केलं."

"हो."

"त्या दिवशी त्येच्या जुन्या मालकाला काय वाटलं असंल, हे आपल्या ध्यानातच आलं न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला लांबची भीती नव्हती, खर्चाची नव्हती, मुलीच्या जातीची नव्हती. जाताना जल्दी जाणारं आणि येताना पाय ओढत येणारं ते विमान त्यांना नव्यानं आणलेल्या हिऱ्यासारखं दिसत होतं. त्याचा गोठा तिकडे होता. त्यात बसलेल्या लेकीचं मन तिकडे लागणार, ती तिकडचीच होणार, आणि कुठल्यातरी परक्या घरात पुरण शिजणार, हे दाजींना स्वच्छ दिसत होतं.

मी बादली खाली ठेवली. दाजींसमोर बोलायची मला सवय नव्हती. पण मनीषाला मी माझ्या प्रत्येक माहेरपणात पोटच्या लेकीसारखं खेळवलं होतं. मी पदर नीट केला आणि हिऱ्याकडे बघूनच बोलले. "दाजी, पहिल्या पंचमीला तुम्ही मला आणायला आला होतात."

"आल्तो की."

"तुम्ही विचारलं, जल्दी हाकू का हळू. मी हळू म्हणाले."

"व्हय."

"तुम्ही म्हणालात, पोरीला बरं हाय तिथं. खरंच बरं होतं. म्हणून मला घाई नव्हती." मी हिऱ्यापुढची बादली जरा सरकवली. "मी हळू आले, दाजी. पण आले ना? दर पंचमीला आले."

दाजी हिऱ्याला खाजवायचे थांबले, म्हणून हिऱ्यानं त्यांना शिंगानं हलकेच ढोसलं. मी बादली उचलून घरात आले. आयुष्यात मी दाजींशी इतकं लांबलचक बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला दाजी ताटावर बसले आणि भाकरीकडे बघत म्हणाले, "मुंबईला कोनत्या गाडीनं जायचं ठरवलं?" अक्का माझ्याकडे बघायला लागली. मी चुलीकडे बघायला लागले. मनीषा आतून धावत आली आणि बापासमोर जपानी माणसासारखी कमरेतून वाकली. दाजीही वाकले, आणि वाकताना त्यांच्या टोपीचं टोक वरणात बुडालं. त्यावरून अक्का त्यांना जे बोलली, ते सगळं प्रेमानंच बोलली.

मनीषा गेली. आठ तासांत पोचली. पुढच्या वर्षी सुट्टी काढून आली, येताना दहा तास लागले. दाजींनी भोकरदनच्या स्टॅंडवर तिला उतरवून घेतलं ते हसतच. "हळू आली का?" "लई हळू, अप्पा." "मंग बरं हाय म्हनायचं तिथं." सगळ्या गावाला त्यांनी नवं शास्त्र सांगून टाकलं, की लेकीचं विमान येताना हळूच यायला पाहिजे, जल्दी आलं तर समजावं काहीतरी बिघडलंय. गिरणीवाल्यानं विचारलं, मग पोराच्या वेळी जल्दी आलं ते काय होतं? दाजी म्हणाले, "ते पोराचं शास्त्र. हे लेकीचं हाय." आणि पिठाचा डबा उचलून चालू लागले.

सुट्टी संपली. दारात भाच्याच्या मित्राची जीप उभी होती, तरी दाजींनी बैलगाडी जुंपली. भोकरदनपर्यंत आपणच सोडणार म्हणाले. गाडीत मनीषा, तिच्या दोन बॅगा, अक्का आणि मी. वकील प्रत्येक बाभळीपाशी थांबला आणि दाजींनी त्याला एकदाही हाकलं नाही. ओढ्याशी तो पाण्याकडे बघत उभा राहिला, तर दाजीही पाण्याकडे बघत बसले. एरवी हुज्जतीला वैतागणाऱ्या त्या माणसानं वकिलाचे त्या दिवशी सगळे मुद्दे ऐकून घेतले. मनीषानं दोनदा घड्याळाकडे बघितलं. शेवटी एसटी मिळाली, ती चढली, खिडकीतून हात हलवत दिसेनाशी झाली.

गाडीचं तोंड घराकडे वळलं आणि बैलांनी कान टवकारले. वकील आणि हिऱ्या दोघंही एका तालात झपाझपा चालायला लागले. दाजी झोपले नाहीत. त्यांनी कासरा ओढून धरला होता. "हळू रे," ते म्हणत होते, "हळू. आज कसली घाई हाय?" बैलांना ते काही कळत नव्हतं. अक्का म्हणाली, "चालू द्या की त्यांना. ऊन व्हायलंय." पण दाजींच्या हातातला कासरा तिनं सोडवला नाही.

मनीषाचा पोचल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. अक्कानं फोन दाजींच्या कानाला लावला. आता दाजी जायला किती लागलं विचारणार, म्हणून आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या तयारीत होतो. दाजींनी ते विचारलं नाही. ती जेवली का विचारलं, तिकडे थंडी आहे का विचारलं. मग म्हणाले, "अन् पुढच्या बारीला हळूच ये. किती बी हळू ये. आम्ही हाय."